बिळाच्या तोंडाचे दगड

“आणि तो आहे कुठे?”

बुवांनी टाकीच्या काचेला नाक लावून विचारलं.

“आत आहे, बुवा.”

“आत म्हणजे?”

“त्या मोठ्या दगडाखाली नळी पुरलीय. तिच्यात.”

बुवांनी पुन्हा पाहिलं. वाळू होती, दगड होते, कोपऱ्यात बुडबुडे निघत होते. जीव म्हणावा असं काही दिसेना.

“काच छान आहे,” बुवा म्हणाले.

“काच नाही बुवा, अॅक्रिलिक. काच तो फोडतो.”

“बरं...”

त्या ‘बरं’नेच प्रद्युम्न सामंताचा निम्मा धीर सुटला.

प्रद्युम्न हा रत्नागिरीतला नावाजलेला आर्किटेक्ट. हुशार माणूस, आणि ते त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. खाडीपलीकडच्या मठात विष्णुबुवा राहत. त्यांचा अनुग्रह घ्यायचा, त्यांच्या तोंडून मंत्र घ्यायचा, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. दर गुरुवारी तो मठाचं दार वाजवी आणि विचारी, “बुवा, कधी?” बुवा जप अर्ध्यावर टाकून उठत, दार उघडत, याच्याकडे बघत, आणि पुन्हा लावून घेत. पुढच्या गुरुवारी हा पुन्हा हजर.

शेवटी वैतागून बुवा म्हणाले, “एखादा जीव पाळ. तुझ्या घरात तो सुखात आहे असं माझ्या डोळ्यांना दिसलं की देईन मंत्र. तोवर माझं डोकं खाऊ नको.”

दुसऱ्या कुणी मांजर आणलं असतं. प्रद्युम्नाला वाटलं, मांजर काय, कुणीही पाळतं. त्याने मँटिस श्रिम्प आणला. कोळंबीचा दूरचा भाऊबंद, वीतभर लांब, अंगावर मोराचे सगळे रंग, आणि स्वभावाने जमदग्नी. पुढच्या दोन हातांनी असा ठोसा मारतो की शिंपल्याचा चुरा होतो. मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात तो आला, आणि सामंतांच्या घरातली शांतता त्याच दिवशी गेली.

पहिल्या टाकीची काच त्याने तडकवली. दिवाणखान्यात समुद्र आला. सोबतीला म्हणून सोडलेले पट्टेदार मासे त्याने एकेक करून फस्त केले. मग जाड अॅक्रिलिकची टाकी आली. पाणी गार ठेवायचं यंत्र आलं. पाण्यातला खारटपणा मोजायची नळी आली. प्रद्युम्न सकाळ-संध्याकाळ ती नळी उजेडात धरून बघायचा.

“आमच्या घरात त्याच्या पाण्याला मीठ मोजून पडतं,” त्याची बायको मृणाल शेजारणीला सांगायची, “आणि आमटीत घालायचं राहून जातं.”

हे सगळं आज बुवांना दाखवायचं होतं. त्यासाठी गाडी पाठवून त्यांना आणवलं होतं. आणि साहेब दार लावून बसले होते!

“किती दिवस आत आहे?” बुवांनी विचारलं.

“आठवडा होत आला.” प्रद्युम्नाचा आवाज चढला. “बिळाच्या तोंडाला दगड लावून बसलाय बघा. मी एवढं केलं त्याच्यासाठी... आजच नाटकं!”

“आजारी आहे?”

“नाही. कवच टाकतोय. वाढायचं म्हणजे जुनं कवच टाकावं लागतं. नवं कडक होईपर्यंत अंग लोण्यासारखं मऊ असतं, म्हणून तो दार बंद करून घेतो. त्या काळात त्याला अजिबात छेडू नये. मी सगळं वाचलंय, बुवा.”

“वाचलंयस.”

“सगळं.”

“मग छेडत नाहीस.”

“छे! फक्त रोज एकदा बघतो.” त्याने टाकीमागून एक लांब चिमटा काढला. “याने दगड बाजूला करायचे, आत टॉर्च मारायचा. हलला की झालं. मेला असेल तर कळायला नको? निष्काळजीपणा मला खपत नाही.”

“आणि मग?”

“मग तो पुन्हा दगड लावतो.”

“लगेच?”

प्रद्युम्न जरा अडखळला.

“आधी लगेच लावायचा. काल संध्याकाळी मी काढले... ते आज सकाळपर्यंत लावत होता.”

बुवांनी चिमट्याकडे पाहिलं.

“थांबा, तुम्हाला दाखवतो,” म्हणत प्रद्युम्नाने बाही वर सारली आणि चिमटा पाण्यात घातला.

“राहू दे,” बुवा म्हणाले. “आधी तुझं काम उरकू. घरात आसन आहे?”

चिमटा पाण्यातच राहिला.

“म्हणजे... मंत्र? आज?”

“हातपाय धू. त्या खोलीत बस. दार आतून लाव, डोळे मीट, श्वासाकडे बघ. मन जरा निवलं की मी आत येतो.”

प्रद्युम्नाला आकाश ठेंगणं झालं. हातपाय धुवून तो खोलीत गेला, कडी लावली, पाठ ताठ करून बसला. डोळे मिटले. श्वास आत, श्वास बाहेर. हळूहळू पंख्याचा आवाज मागे पडला...

दारावर थाप पडली.

“प्रद्युम्ना, आहेस ना रे?”

“आहे, बुवा.”

“बरं.”

त्याने पुन्हा डोळे मिटले. पुन्हा पहिल्यापासून. श्वास आत, श्वास बाहेर. मान सैल झाली, खांदे उतरले...

थाप.

“काही आवाज नाही आला म्हणून विचारलं. बरा आहेस ना?”

“बरा आहे, बुवा!”

ही परीक्षा असणार, असं त्याने स्वतःला समजावलं. परीक्षेत तो कधी नापास झाला नव्हता. जबडा आवळून तो पुन्हा बसला. थोडं निवतंय असं वाटलं, तोच दाराबाहेर मृणालचा दबका आवाज आला, “ही बघा बुवा, बाहेरून अशी निघते,” आणि कडी खळ्ळकन पडली. टॉर्चचा झोत थेट तोंडावर आला. मागोमाग बरगडीत काहीतरी गार, ओलं, टोकदार रुतलं.

चिमटा होता. दुसऱ्या टोकाला बुवा होते.

“हलला,” बुवा मृणालला म्हणाले. “जिवंत आहे.”

“बुवा!” प्रद्युम्न ताडकन उठला. “काय चाललंय हे? माणसाला जरा बसू द्याल की नाही? आत्ता कुठे जरा... सारखं काय दार ठोकायचं? मेलो नाही मी! मेलो तर कळेल ना!”



प्रद्युम्नाचं तोंड उघडंच राहिलं. त्याने बुवांकडे पाहिलं, मग चिमट्याकडे. चिमट्यावरून खारं पाणी त्याच्या आसनावर ठिबकत होतं.

“चहा टाकतेस का गं?” बुवांनी मृणालला विचारलं.

चहा घेऊन बुवा निघाले. मंत्राचा विषय त्यांनी काढला नाही, आणि काढायची प्रद्युम्नाची छाती झाली नाही. गाडीत बसताना मात्र त्याला राहवेना.

“पण बुवा... खरंच मेला असेल तर?”

“तर मेला असेल,” बुवा म्हणाले, आणि काच वर केली.

पुढचे दिवस प्रद्युम्नाने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. चिमटा त्याने आपण होऊन मृणालच्या हवाली केला. तिने तो कपाटात कुलूपबंद केला, कारण नवऱ्याला ती ओळखून होती. तो टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचा, आणि टाकीत बघण्यासारखं काहीच नसायचं. हात शिवशिवायचे. कधी उठून बाही वर सारायचा, पाण्याजवळ हात न्यायचा, पुन्हा येऊन बसायचा. गुरुवार आला आणि गेला. मठाकडे जायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

मग एका सकाळी तो टाकीजवळ गेला, आणि जागच्या जागी थिजला.

बिळाच्या तोंडाशी, वाळूवर, तो पडला होता. उताणा. पाय, शेपूट, ते दोन दांडगे हात, सगळं जिथल्या तिथे. हलत नव्हता.

प्रद्युम्न टाकीपुढेच बसून रडायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मृणालने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तिनेच बुवांना फोन लावून त्याच्या हातात दिला.

“बुवा, गेला हो... मी मारला त्याला. तुमच्यासमोर सांगत होतो, सगळं वाचलंय म्हणून. सगळं ठाऊक होतं मला. तरी रोज... रोज त्याचं दार उचकटलं मी.”



“बाहेर काढलास?”

“नाही. हात होत नाही.”

“काढ. हातावर घे.”

प्रद्युम्नाने बाही वर न सारताच हात पाण्यात घातला. अलगद उचललं. वजन असं लागलंच नाही. उजेडात धरलं, तर त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

“बुवा...”

“काय?”

“रिकामं आहे.”

“बरं.”

तेवढ्यात बिळाच्या तोंडाचा एक दगड हलला. फटीतून दोन डोळे बाहेर आले, देठांवर उभे. एक या बाजूला वळला, एक त्या बाजूला. मग दोन्ही प्रद्युम्नावर येऊन थांबले.

प्रद्युम्नाने श्वास रोखून धरला. ओल्या बाहीतून पाणी जमिनीवर पडत होतं, तेसुद्धा पडू नये असं त्याला वाटत होतं.

डोळ्यांनी त्याला पुरतं बघून घेतलं. मग ते आत गेले, आणि दगड सरकून पुन्हा जागेवर बसला.

“बुवा!” प्रद्युम्न रडता रडता हसायला लागला. “त्याने दार लावून घेतलं!”

“लावू दे.”

“हो, लावू दे. लावू दे की...” त्याने बाहीने डोळे पुसले, खारं पाणी डोळ्यांत गेलं. मग सवयीने तोंडातून निघून गेलं, “बुवा, मी येऊ का? कधी येऊ?”

विचारलं मात्र, आणि त्याने जीभ चावली.

खाडीवरचा वारा तेवढा फोनमध्ये ऐकू येत होता...

“ये की,” बुवा म्हणाले. “पण दार वाजवू नकोस.”