पहिल्या हाकेला दिलेली ओ

एकदा एका शिष्येच्या हाती एक नोटीस पडली. तिचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि सासरच्या पत्त्यावर तिच्या नावानं आलेलं हे पहिलंच टपाल. सासूबाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "उशिरा आलेला आहेर असेल. वजन बरं आहे."

आहेर नव्हता. शहरातल्या एका मोठ्या कंपनीच्या वकिलांनी कळवलं होतं की, इंटरनेटवर आपण 'सांजवात' नावाची वेबसाइट चालवता. हे नाव आमच्या दिव्याच्या तेलाचं आणि वातींचं आहे. तरी ते आमच्या स्वाधीन करावं, अन्यथा... त्या 'अन्यथा'च्या पुढे बरीच पानं होती.

वेबसाइट मात्र एकाच पानाची होती. ज्यांचं कुणी दूर गेलं आहे, किंवा आता परत येणारच नाही, अशांनी तिथे त्या माणसाचं नाव लिहावं. दिवेलागणीला शिष्या समई पेटवी, आलेलं एकेक नाव मोठ्यानं वाची, आणि लिहिणाऱ्याला एका शब्दाचं उत्तर पाठवी : "लावली." एवढंच. मुळातच ती कमी बोलणारी. समुद्रकाठच्या गावातली एक म्हातारी रोज एकच नाव पाठवत असे, आपल्या मुलाचं : हरेश्वर. होडी परत आली, तो आला नाही, असं तिनं एकदाच कळवलं होतं.

शिष्या नोटीस घेऊन नदीपलीकडच्या टेकडीवर आपल्या गुरूंकडे गेली. गुरुजी अंगणात शेंगा सोलत बसले होते.

"हे नाव त्यांच्या आधीपासून माझं आहे, गुरुजी. लढू?"

"लढलीस तर काय होईल?"

"त्यांच्याकडे वकील आहेत. माझ्याकडे सासरे आहेत, आणि त्यांना नुसतं पाकीट पाहूनच घाम फुटलाय."

गुरुजी हसले. मग शांतपणे म्हणाले, "देऊन टाक. पण वकिलाला नको, मालकाच्या हाती दे. त्याला इथे बोलाव."

"हा अन्याय नाही?"

"आहे की," असं म्हणून गुरुजींनी पुढची शेंग उचलली.

शिष्येला हा न्याय कळला नाही. पण गुरुवचन म्हणून तिनं निरोप धाडला. शेटजी आले. फुकट मिळणारी वस्तू ते नेहमी स्वतःच घेत. गाडी आणि ड्रायव्हर नदीकाठी सोडून, धापा टाकत ते टेकडी चढले, तेव्हा दिवस मावळला होता.

"पैसा नको," गुरुजी म्हणाले. "एवढंच सांगा, या नावाला जो हाक मारील, त्याला तुम्ही ओ द्याल?"

"अहो गुरुजी, काय विचारता! आमच्याकडे यंत्रणा आहे. सणवार असो, सुतक असो, क्षणात उत्तर जातं. एकही हाक रिकामी जाणार नाही. शब्द आहे माझा."

शिष्येला तेवढं पुरे होतं. तिनं मोबाइलवर बोट टेकवलं. नाव गेलं.

तेवढ्यात खालून, नदीच्या अंगानं, लांबवलेली हाक आली : "आहे का रे कुणीऽऽ?"

आवाज बाईचा की पुरुषाचा, वाऱ्यात उमगत नव्हतं. "ओऽ! आलो रेऽ!" शेटजी ओरडले. "आमचा ड्रायव्हर. दम नाही लेकाला."

गुरुजींच्या हातातली शेंग हातातच राहिली.

शिष्या त्यांना पोहोचवायला काठापर्यंत उतरली. ड्रायव्हर काचा लावून गाडीत गाणी ऐकत बसला होता. "मी नाही हाक मारली, साहेब," तो म्हणाला. "इथे तर कुणीच नाही." नदी संथ वाहत होती आणि काठावरच्या ओल्या वाळूत त्यांच्याखेरीज कुणाचं पाऊल नव्हतं.

ती परत वर आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे त्यांना कुणी शिकवलं नाही वाटतं. तिसरी हाक येईपर्यंत थांबावं. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा बोलावतोच. आणि आपल्यालाही तेवढ्यात कळतं, की खरंच उठायचं आहे का."

त्यानंतर शिष्या सांजेला दिवा लावी आणि पाठ असलेली नावं म्हणे. उत्तर धाडायला मात्र वाट उरली नव्हती. हरेश्वरच्या आईला आता काय कळत असेल, असं रोज तिच्या मनात येई.

काही महिन्यांनी ती गुरुजींकडे गेलेली असताना शेटजी पुन्हा आले. या वेळी धापा टाकण्याइतकंही बळ त्यांच्यात नव्हतं. डोळे खोल गेले होते.

"गुरुजी, ती हाक थांबत नाही. माझं ऑफिस अठराव्या मजल्यावर आहे. खिडक्या उघडतसुद्धा नाहीत. पण दिवे लागायची वेळ झाली, की काचेच्या बाहेरून येते. 'आहे का रे कुणी?' बाकी कुणाला ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात, कान उत्तम आहेत."

"आणि यंत्रणा?"

शेटजींनी मोबाइल पुढे केला. शिष्येनं वाचलं. नावं अजून येत होती. यंत्रणेला ती तेलवातीची मागणी वाटली होती. तिनं सगळ्यांचे पत्तेही विचारून घेतले होते. 'हरेश्वर' या नावाखाली रोज, न चुकता, तेच उत्तर होतं : "आपली सांजवात निघाली आहे. आम्ही लवकरच आपल्या दारी पोहोचू. कृपया घरी थांबावे."

शिष्येनं मान वर केली. "हे तुम्ही त्या माउलीला लिहिलंत? रोज?"

"मी नाही हो, यंत्रणेनं! मालही निघाला नाही, पैसे भरलेले नव्हते ना." बोलता बोलता आपलंच बोलणं कानावर पडलं, तसा त्यांनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाले, "हे नाव परत घे, बाई. पाया पडतो."

शिष्येनं हात पुढे केला. गुरुजींनी तो हलकेच मागे सारला.

"मुली, लग्नात तुझं नवं नाव तांदळात लिहिलं होतं ना?"

"हो. अंगठीनं. शर्वरी."

"मग शर्वरी तू कधी झालीस?"

ती जरा लाजली. "बरेच दिवस झालेच नव्हते. घरभर 'शर्वरी, शर्वरी' हाका, आणि मी आपली भाजी निवडत बसलेली. सासूबाई म्हणायच्या, सून बहिरी पदरात घातली की काय! मग एकदा त्या न्हाणीघरात घसरल्या आणि त्याच नावानं किंचाळल्या. मी त्यांना उठवत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी धावले होते."

"ऐकलंत, शेटजी?" गुरुजी म्हणाले. "नाव लिहिणाऱ्याचं होत नाही, नोंदवणाऱ्याचंही होत नाही. हाकेसरशी जो उठतो, त्याचं ते असतं. तुम्हाला ते मिळालंच नव्हतं, परत काय देता? परंतु ओ तुम्ही दिलीत. ती परत घेता येत नाही, पुरी करावी लागते. कुणीतरी निघालं आहे, असं कळवलंत ना? मग निघा."

दुसऱ्या दिवशी ते निघाले. शेटजींना एकट्यानं जाववेना, म्हणून शिष्या सोबत होती. गाव आलं तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. म्हातारीचं घर अगदी शेवटचं, माडांच्या पलीकडे. वाटेत एका बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "सापडेल की घरीच. बाजारालासुद्धा जात नाही ती. घरी थांबा असा निरोप आलाय म्हणते."

दार सताड उघडं होतं. इतके दिवस ते लोटलंच गेलं नव्हतं. वाऱ्यानं आत आलेली वाळू उंबरा ओलांडून थेट चुलीपर्यंत पसरली होती. घरात दिवा नव्हता. कोनाड्यातली पणती कोरडी होती. सांजवात यायची आहे म्हटल्यावर आपण वेगळी कशाला लावायची?

अंधारातून एक आकृती उठून उंबऱ्याशी आली. माडाखाली उभे असलेले हे दोघे तिला दिसले नाहीत. समुद्राकडे तोंड करून तिनं हाक मारली :

"आहे का रे कुणीऽऽ?"

शेटजींनी शिष्येचा दंड घट्ट धरला. तोच आवाज. नदीकाठचा, अठराव्या मजल्यावरचा. त्यांचे ओठ उघडले.

"थांबा," शिष्या कुजबुजली.

"आहे का रे कुणीऽऽ?"

लाट आली आणि गेली. शेटजींना पळून जाता आलं असतं. गाडी जवळच होती. ते हलले नाहीत.

तिसरी हाक फार बारीक आली, जणू मारणारीलाच तिचा भरवसा नव्हता.

"ओ," शेटजी म्हणाले. "आलो, आई."

म्हातारी काही वेळ अंधारात निरखत राहिली. "हरेश्वर नाही तू," ती म्हणाली. "तो यायचा नाही, एवढं कळतं मला. पण कुणीतरी निघालंय म्हणून कळवलं होतं. मग दार कसं लोटायचं?" आणि किंचित रागावून, "केवढा उशीर रे! रोज भात उरतो. ये, पाय झाडून ये. आधीच वाळू काय कमी आहे?"

शेटजींनी पिशवीतून तेल काढलं, वात काढली. ज्या वातींवर त्यांचा एवढा कारभार उभा होता, त्यातली एक स्वतः लावण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. दोन काड्या विझल्या. तिसरीनं धरलं.

"नाव घे त्याचं," म्हातारी म्हणाली.

"हरेश्वर," शेटजी मोठ्यानं म्हणाले.

"लावली," शिष्येच्या तोंडून सवयीनं गेलं. म्हातारीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली.

'सांजवात' हे नाव पुढे कागदोपत्री शिष्येकडे परत आलं; त्यालाही वकील लागले आणि पुष्कळ पानं लागली. पण त्या संध्याकाळी म्हातारीनं तिघांची पानं वाढली, मग उठून पायानं वाळू सारली, आणि कितीतरी दिवसांनी दार लोटून घेतलं. बाहेर आता कुणी यायचं राहिलं नव्हतं.