बंदीची दवंडी

भद्रावळीच्या विद्यापीठात पटकीची साथ शिरली. पूर्वेच्या विहिरीचं पाणी पिऊ नका, हे विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायचं कसं, यावर सगळा दरबार अडला होता.

राजवैद्यांनी सांगून पाहिलं होतं. विहिरीच्या काठावर त्यांनी श्लोकांचा भलामोठा फलक लावला. विद्यार्थी फलकापुढे जमले, तिसऱ्या श्लोकाचं वृत्त चुकलंय की नाही यावर दुपारपर्यंत भांडले, आणि घसा कोरडा पडल्यावर तिथलंच पाणी प्यायले. आजाऱ्यांच्या खोल्या भरल्या. एक मुलगा दगावला.

शेवटी राजा सुरंजनाने दवंडी देणाऱ्या कोंडाबाईला बोलावलं. नवऱ्यामागे त्याची हलगी तिच्या गळ्यात आली होती. सकाळीच तिने त्या मुलाला नेताना पाहिलं होतं. नुकतं मिसरूड फुटलेलं पोर. ती तशीच दरबारात येऊन उभी राहिली.

“सूर्यास्तापर्यंत त्या विहिरीवर एकही विद्यार्थी दिसता कामा नये,” राजा म्हणाला. “पण पदवीदानाला शेजारचे राजे यायचे आहेत. बभ्रा नको. तेव्हा साथ, पटकी, पूर्वेची विहीर, पाणी उकळून पिणे, हे शब्द माझ्या राज्यात कुणी उच्चारायचे नाहीत. उच्चारेल तो हद्दपार.”

“मग मी सांगू काय, महाराज?”

“ते तू बघ. नाही जमलं तर हलगी इथं ठेवून घरी जा.”

राजवैद्य जमिनीकडे बघत राहिले. कोंडाबाई म्हणाली, “शब्दांची बंदी एकट्या मला, का सगळ्यांना?”

“सगळ्यांना. कुलगुरूंपासून पाणक्यापर्यंत.”

“बरं,” म्हणत ती निघाली. हद्दपार झाली तर जायला तिला दुसरं गाव नव्हतं. तरी वसतिगृहासमोर येताच तिने हलगीवर थाप मारली.

“ऐका हो ऐका! महाराजांचा हुकूम ऐका! आजपासून पुढचे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत. साथ! पटकी! पूर्वेची विहीर! पाणी उकळून पिणे! उच्चारेल तो हद्दपार हो!”

खिडक्या उघडल्या. न्यायशास्त्राचा एक विद्यार्थी हातातला तांब्या तसाच धरून उभा राहिला.

“पटकी नसती, तर तिच्या नावावर बंदी कशाला?” तो म्हणाला.

“आणि विहिरीचं नाव त्याच यादीत कशाला?” शेजारचा म्हणाला.

“उकळून पिण्यावर मात्र बंदी नाही. बंदी फक्त बोलण्यावर आहे,” व्याकरणाच्या विद्यार्थ्याने निकाल दिला.

विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणी वाद घातला नाही. तांब्या गटारात रिकामा झाला. सूर्य मावळायच्या आत चुलींवर हंडे चढले होते आणि विहिरीवर चिटपाखरू नव्हतं.

कोंडाबाईला लगेच दरबारात उभं केलं.

“नेमके तेच शब्द तू चौकाचौकात ओरडलीस,” राजा कडाडला.

“ओरडले, महाराज. हुकूम सगळ्यांना होता. कुठले शब्द बोलायचे नाहीत हेच कळलं नाही, तर लोकांनी हुकूम पाळायचा कसा?”

“उच्चारेल तो हद्दपार, हेही हुकुमात होतं.”

“होतं ना. म्हणून तर मी गाठोडं बांधून आले आहे.” कोंडाबाईने हात जोडले. “फक्त रांगेने जायचं ठरलं, तर माझ्याआधी ज्यांच्या तोंडून ते शब्द निघाले, त्यांना पुढं जावं लागेल.”

राजवैद्यांनी पुन्हा जमीन न्याहाळायला घेतली.

राजाने एकदा सिंहासनाकडे पाहिलं, एकदा वेशीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे, आणि मग तो इतका हसला की मुकुट सावरायला सेवक धावला. बंदी त्याने तिथल्या तिथे उठवली. कोंडाबाईला लुगडं-चोळी आणि दुभती म्हैस दिली, आणि विहिरीवरचा फलक काढून तिच्या गोठ्याला दार म्हणून बसवायला सांगितला.