गोदाक्काचा चेहरा

“...पण मग पुतळ्याचे फोटो बघणार तरी कधी तुम्ही?”

रत्नाकर टिपरेचा आवाज चढला होता. त्याने घडवलेले एकेचाळीस पुतळे गावोगावच्या चौकांत उभे होते. अशा माणसाला त्याचे म्हातारे गुरुजी आठ दिवस नुसते ओढ्यावर बसायला पाठवत होते.

भिवाजी गुरुजी पडवीत पावटे सोलत होते. डोंगरावरच्या या घरात ते एकटेच राहत. हातातली शेंग संपवून ते म्हणाले,

“बघितला की परवा.”

“एक बघितलात. आणि म्हणालात, छान आहे.”

“छान होता.”

“सगळे तेच म्हणतात, गुरुजी! छान आहे, पण ही बाई कोण? सहा वेळा घडवला चेहरा. सहाही वेळा तेच!”

...

घडवायची होती ती गोदाक्का. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातली सुईण. पन्नास वर्षांत जन्मलेली तिथली निम्मी माणसं तिच्या हातून या जगात आलेली. रत्नाकरही त्यातलाच. पण तो चार वर्षांचा असतानाच घरचे शहरात गेले, आणि त्याला तिचं तोंड आठवत नव्हतं.

तिचा फोटो एकही नव्हता. कुणी कॅमेरा काढला की ती पाठ फिरवायची. ती जाऊन बारा वर्षं झाली होती. आता खोऱ्यातल्या लोकांना तिचा पुतळा हवा होता, आणि तो रत्नाकरनेच करावा असा त्यांचा आग्रह होता.

त्याने घरोघर जाऊन विचारलं. नाक बसकं, कपाळावर गोंदण, डाव्या गालावर तीळ. सगळं टिपलं, सगळं मातीत आणलं. पुतळा तयार झाला की म्हाताऱ्या बायका जवळ यायच्या, तोंडभर कौतुक करायच्या, आणि हळूच एकमेकींकडे बघायच्या.

सहाव्या वेळी एक म्हातारी रडली. म्हणाली, “आम्ही मेलो की तिला ओळखणारं कुणी उरणार नाही रे.”

त्या दिवसापासून रत्नाकरचा हात मातीला लागला नव्हता.

...

“काय चुकलं तेवढं सांगा. मी निघतो.”

“ओढ्यावर बस म्हटलं होतं.”

“बसलो! आठ दिवस बसलो. हे बघा.”

त्याने वही समोर टाकली. पानापानावर चित्रं. उंबराची मुळं, पाण्यातले दगड, खेकड्याची नांगी. प्रत्येकाखाली माप, वेळ आणि उजेडाची दिशा.

गुरुजींनी दोन-चार पानं उलटली. मग वही मिटून मांडीखाली घेतली.

“अरे, तुला बसायला सांगितलं होतं. तू तर पंचनामा करून आलास.”

“वही द्या माझी.”

“नाही देत.”

“गुरुजी, मी पन्नास वर्षांचा आहे!”

“मला वाटलं पाच.”

रत्नाकर ताडकन उठला. “चुकलंच माझं इथं येऊन. तुमच्याकडे शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही.”

गुरुजी पुढची शेंग सोलू लागले.

...

रागारागाने उतरताना ओढ्याजवळ त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. खाली रस्त्यावरून एसटी गेल्याचा आवाज आला. पुढची थेट संध्याकाळी.

त्याने चप्पल भिरकावली. गुरुजींना, खोऱ्यातल्या लोकांना, स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. मग शिव्याही संपल्या. पाय पाण्यात सोडून तो बसून राहिला. करण्यासारखं काहीच नव्हतं.

शेजारच्या लव्हाळ्यावर एक मळकट किडा पाण्यातून वर चढत होता. अर्ध्यावर येऊन थांबला. मेला असावा, असं रत्नाकरला वाटलं.

मग किड्याची पाठ उकलली.

आतून काहीतरी ओलं, फिकट बाहेर येऊ लागलं. आधी डोकं. मग पाय. मग ते उलटं लोंबकळत तसंच राहिलं. बराच वेळ...

नखाने ती साल जराशी सोडवावी म्हणून रत्नाकरने बोट पुढे केलं. आणि मागे घेतलं.

ऊन दगडावरून सरकलं. चोळामोळा झालेले पंख हळूहळू सुटे झाले, काचेसारखे झाले. तो पाण्याकाठी भिरभिरणारा चतुर होता. दोनदा थरथरला आणि पाण्यावरून निघून गेला.

रत्नाकरने किती वेळ श्वास धरला होता कोण जाणे. आता तो सुटला. आपल्याला हसू येतंय की रडू, हे त्याला कळेना.

त्याचे हात काठच्या चिकणमातीत गेले होते. कधी गेले ते त्याला आठवत नव्हतं.

...

दिवस कलताना तो अनवाणी परत आला. पडवीबाहेरच उभा राहिला.

“एसटी चुकली?” गुरुजींनी विचारलं.

“हो... सकाळी बोललो त्याबद्दल—”

“हातात काय आहे?”

रत्नाकरने मूठभर मातीचा गोळा पायरीवर ठेवला. “कोण जाणे. केलं खरं. टाकवेना म्हणून आणलं.”

ओबडधोबड डोकं होतं. नाक धड नव्हतं. गोंदण नव्हतं, तीळ नव्हता. मान किंचित खाली झुकलेली, ओठ मिटलेले, आणि डोळे समोरच्या कशावर तरी लागलेले.

तेवढ्यात रोज दूध घालणारी सगुणाबाई तांब्या घेऊन आली. पलीकडच्या खोऱ्यातली लेक, इकडे दिलेली. पायरीवर पाऊल ठेवणार तोच तिचं लक्ष गेलं. तिने तांब्या खाली ठेवला आणि पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला.

“गोदाक्का...”

ती त्या डोक्यासमोर उकिडवी बसली.

“माझ्या थोरल्याच्या वेळी रातभर अशीच बसली होती. म्या वरडत होते, आई वरडत होती. ही आपली गप. नुसती बघत.” तिने डोळे पुसले. “तुम्ही कुठं बघितलं तिला, दादा?”

रत्नाकर मटकन पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. सगुणाबाई दूध ओतून, त्या डोक्याला हात जोडून गेली.

गुरुजी मात्र चुलीकडे वळले होते. पावट्याच्या आमटीला फोडणी बसली.

थोड्या वेळाने रत्नाकर सावरला. तोंड धुतलं. मातीचं डोकं ओल्या फडक्यात गुंडाळलं, पिशवी खांद्याला अडकवली. चेहरा उजळला होता.

“निघतो, गुरुजी. संध्याकाळची गाडी मिळेल. उद्या सकाळीच मोठी मूर्ती करायला घेतो. आता सापडलं मला. आता अडायचं नाही...”

गुरुजींनी कपाळावर हात मारला. पळी हातात तशीच धरून ते बाहेर आले.

“बस खाली. तिचं झालं. तुझं अजून नुसतं डोकं बाहेर आलंय.”