टॉवेलाखालची बोटं

“आणि जीव घाबरल्यासारखा होतो का हो, अण्णा?”

“छ्या! घाबरायला काय झालंय? वाघ पाळलाय व्हय घरात?”

पारिसअण्णा चौगुले खदखदून हसले. शेजारी बसलेला थोरला मुलगाही हसला. निशिगंधानं कागदावर आणखी एक शून्य मांडलं.

अण्णा सांगलीच्या हळदपेठेतले नावाजलेले अडते. पण महिनाभर दुकानाची पायरी चढले नव्हते. गुडघ्याचं निमित्त सांगायचे. दोनदा छाती धरून बसले, म्हणून काढलेले हृदयाचे सगळे रिपोर्ट चांगले आले, तेव्हा मुलानं त्यांना अक्षरशः ओढत केळवकर सरांच्या मानसोपचार दवाखान्यात आणलं होतं. चष्मा घरी राहिला म्हणाले, म्हणून सरांची शिकाऊ डॉक्टर निशिगंधा चिंतेची प्रश्नावली त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होती.

“सर, बेरीज शून्य!” तिच्या आवाजात ऐट होती. नवी पदवी, कोवळं वय, ऐट असायचीच. “यांना काही झालेलं नाही. जाऊ देऊया ना?”

मुलगा उठलासुद्धा. अण्णा चपला शोधायला लागले. त्या दिवशी ते तसेच जिना उतरले असते, तर पुन्हा काही तो चढले नसते. निशिगंधाला हे फार उशिरा उमगलं.

आता तिच्या स्वतःच्या दवाखान्यात प्रश्नावली मोबाईलवर येते. पेशंट बाहेरच बसून भरतो, सगळं कसं झटपट. पेठेतले भावही आता पाटीवर झळकतात म्हणे. पण मधूनच तिला सरांची ती खोली आठवते, ती वेताची खुर्ची, खालच्या गोदामातून वर येणारा हळदीचा वास. काय माणूस होता तो! आता सर नाहीत.

तर त्या दिवशी सर उठले. स्टूल ओढून अण्णांच्या समोर बसले.

“अण्णा, जरा तुमच्या खांद्यावरचा टॉवेल द्या.”

टॉवेल त्यांनी अण्णांच्या हातावर पसरला आणि त्याखाली आपला हात घातला.

अण्णा चमकले. “डॉक्टर, तुम्हाला हे...?”

“पेठेतच वाढलोय, अण्णा.”

त्या काळी हळदीचा सौदा असाच व्हायचा. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचा. भोवती ही गर्दी, पण दोघांखेरीज कुणाला पत्ता नाही.

“कधीच होत नसेल, तर बोट दाबू नका. कधीमधी, तर एक. बरेचदा, तर दोन. रोज, तर तीन.”

सरांनी निशिगंधाचाच कागद हातात घेतला. शब्द तेच, क्रम तोच.

“झोप मोडते?”

...

“काहीतरी वाईट घडणार, असं वाटत राहतं?”

...

अण्णा मुलाकडे बघून हसतच होते. “काय खेळ मांडलाय रे डॉक्टरांनी!” मुलालाही गंमत वाटत होती.

“जीव घाबरल्यासारखा होतो?”

...

टॉवेल हलला. अण्णांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं. प्रश्न संपले, तरी त्यांचा हात काही बाहेर येईना. सरांनीही घाई केली नाही. निशिगंधाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सोमवारी या,” सर शेवटी म्हणाले. “एकटेच या.”

“येतो,” अण्णा म्हणाले. आवाज पार बसला होता.

बापलेक जिना उतरून गेले, तशी तिला राहवेना.

“पण सर, प्रश्न तर तेच होते!”

“तेच होते.”

“मग मला का नाही सांगितलं त्यांनी?”

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“पोरी, तू भाव चारचौघांत विचारलास.”