उंबरठामाईची कहाणी

ऐका उंबरठामाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. नगरात घरं उदंड होती आणि घर नसलेलीही उदंड होती. बायांनो, हातातल्या अक्षता खाली ठेवू नका आणि मध्ये बोलू नका.

त्या नगरात हरिबा नावाचा शिंपी होता. त्याची बायको मैनाबाई. दोघं भाड्याच्या खोलीत राहायची. एकुलती लेक तुळसा, दूर गावी दिलेली. जन्मभर मशीन चालवून हरिबानं गावाबाहेर एक जागा घेतली होती. तिच्यावर घर बांधायचं, हा एकच ध्यास.

एके दिवशी तुळसेचा निरोप आला, मला दिवस गेलेत. मैनाबाईनं देवापुढं साखर ठेवली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ती रीत. मग काय झालं? घरमालकीण आली. म्हणाली, सोयर माझ्या घरात चालायचं नाही, लेक आणायची तर आधी खोली सोडा. मैनाबाई खाली बसली. लेकीला काय सांगू, तुला माहेर नाही म्हणून सांगू?

हरिबा म्हणाला, घाबरू नको, तोवर घर बांधतो. त्यानं पाया आखला. पुढं ओटी, मध्ये माजघर, मागं स्वयंपाकघर, वर माडी. त्या नगराची खोड अशी, की घराच्या आधी लोक चौकट बघायचे. म्हणून हरिबानं सागवानी चौकट करवली. वर पोपट कोरले, खाली कैऱ्या कोरल्या. मुहूर्त पाहिला, आंब्याचे टाळे बांधले, पेढे वाटले, चौकट उभी केली. गाव बघायला आलं, वा वा म्हणालं, पेढे खाऊन घरी गेलं. गाठीची निम्मी पुंजी त्या चौकटीत गेली. इकडं भिंत नाही, तिकडं भिंत नाही, मध्ये नुसतं दार.

मग हरिबा वाळू आणायला गेला. वाळू महागली. म्हणाला, थांबू, दर उतरेल. परत आला. मग सिमेंट आणायला गेला. सिमेंट महागलं. म्हणाला, थांबू, दर उतरेल. परत आला. मग लोखंड आणायला गेला. लोखंड तर महागलंच, मागं राहिलेली वाळू आणखी महागली. तरी म्हणाला, थांबू. तेव्हा मैनाबाई बोलली.

"दर थांबत नाही, पोटातलं लेकरू थांबत नाही. आपणच तेवढे थांबलोय."

हरिबा मान खाली घालून मशीनवर बसला. मैनाबाई उठली ती तडक जागेवर गेली. टळटळीत दुपार. शेळ्या एकीकडून शिरत होत्या, दुसरीकडून निघत होत्या. चौकटीबाहेर एक म्हातारी उभी. लुगडं विटलेलं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. म्हणाली, पोरी, पाणी दे. मैनाबाई म्हणाली, आजी, उन्हात का उभ्या, या की आत, भिंत कुठं आहे अडवायला. म्हातारी हलली नाही. म्हणाली, भिंत नाही म्हणून दार नाही का? ये म्हटल्यावाचून मी कुणाच्या घरात जात नाही.

मैनाबाईला गलबलून आलं. आजवर त्या जागेला घर कुणी म्हटलं नव्हतं. ती चौकटीशी गेली, या म्हणाली, हात धरून म्हातारीला आत घेतलं, पाणी दिलं. म्हातारी पाणी पीत होती, तोवर मैनाबाईनं सगळं गाऱ्हाणं सांगितलं. म्हातारी म्हणाली, उंबरठ्याचा वसा घे. मैनाबाईनं विचारलं, तो वसा कसा असतो? म्हातारी म्हणाली, दर शुक्रवारी उंबरठा धुवावा, हळदकुंकू वाहावं, दोन बोटं रांगोळी ओढावी. घरात जाताना दारातूनच जावं, भिंत असो नसो. दारी आला त्याला पाणी द्यावं. आणि दर विचारायला बाजारात गेलीस, तर रिकाम्या हातानं परतू नये. एक वीट का होईना, घेऊन यावी. एवढं बोलून म्हातारी आली तशी गेली.

मैनाबाईनं वसा घेतला. पहिल्या शुक्रवारी भट्टीवर गेली, दर विचारला, एक वीट घेतली. भट्टीवाला हसला. दुसऱ्या शुक्रवारी गेली, दोन विटा घेतल्या. शेजारणी हसल्या. म्हणाल्या, विटेला पदराखाली काय घेतेस, दृष्ट लागेल का तिला? तिसऱ्या शुक्रवारी ब्लाउजांची तुरपाई करून आणखी विटा आणल्या. तेव्हा नवरा हसला. तो जागेवर यायचा तो हटकून बाजूनं, शेळ्यांच्या वाटेनं. दारातून या म्हटलं की म्हणायचा, येडी झालीस का. हसा म्हणावं. मैनाबाई पाऊल उचलून उंबरठा ओलांडायची, वीट विटेवर ठेवायची.

असं करता करता विटांचा ढीग कमरेएवढा झाला. पण छप्पर कुठून येणार? इकडं तुळसेला सातवा लागला. तेव्हा नगरातला एक बागाईतदार आला. त्याच्या बंगल्याचं काम चाललं होतं. चौकट त्याच्या डोळ्यात भरली. सागवानही महागलं होतं ना, बायांनो! म्हणाला, घातलेत त्याच्या दुप्पट देतो. हरिबानं साफ नाही म्हटलं. चौकट गेली तर गावात तोंड कसं दाखवू?

मैनाबाई पेचात पडली. चौकट द्यावी तर उंबरठा जातो, वसा मोडतो. ठेवावी तर लेक उघड्यावर बाळंत होते. ती उंबरठ्यापाशी बसली, कपाळ टेकलं, रडली. रडून उठली. घरमालकिणीच्या अंगणात मैनाबाईचा स्वतःचा धुण्याचा दगड होता, लग्नात माहेराहून आलेला. तो तिनं हरिबाला उचलायला लावला, गाड्यावर घालून जागेवर आणला. नवऱ्याला म्हणाली,

"गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगता ना, एवढ्या कापडात झबलं होईल, शालू मागू नका. मग बेता झबलं. चौकट जाऊ द्या. उंबरठा हा राहील."

हरिबा म्हणाला, बरं, बेततो. मग चौकट गेली, तिच्या जागी दगड बसला. हरिबा सवयीनं बाजूनं निघाला, थबकला, माघारी फिरला. चपला काढल्या, पाऊल उचललं, दगड ओलांडून आत आला. खिशातली टेप काढली आणि एकच खोली आखली. माडी पुसली, ओटी पुसली. चौकटीच्या पैशात भिंती उठल्या, वर पत्रा आला. गिलावा राहिला, फरशी राहिली. कपडा टाचून ठेवावा तसं घर. पण घर.

तुळसा आली. मैनाबाईनं भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, लेकीला आत घेतलं. दिवस भरले, मुलगी झाली. बारशाला गाव आलं. घरमालकीणही आली, दारात घुटमळली. मैनाबाईनं या म्हटलं, सगळ्यांआधी तिला पाणी दिलं.

पाळणा म्हणून झाला, तों दारात म्हातारी उभी. विचारलं, पोरी, चौकट कुठं गं? मैनाबाईनं हात जोडले. म्हणाली, आई, विकली. चुकले असेन तर शासन मला कर, लेकीला नातीला नको. म्हातारी वाकली, दगडाला हात लावला, हसली.

"लाकूड मी कधी मागितलं होतं? ये म्हण, एवढंच मागितलं होतं."

मैनाबाई म्हणाली, या. म्हातारी आत आली. बाया बघतात तर म्हातारी नाही. उंबरठ्यापासून पाळण्यापर्यंत शेणाच्या जमिनीवर कुंकवाची पावलं.

मग दर उतरले का? नाही बायांनो. खोटं कशाला सांगू, उतरलेच नाहीत. पण मैनाबाईचा शुक्रवार चुकला नाही. विटेमागून वीट आली, माजघर झालं, स्वयंपाकघर झालं. नात रांगत रांगत आली, धुण्याच्या दगडावर पोट टेकून ओलांडून गेली, त्या दिवशी ओटी झाली. माडी झाली नाही, कुणाला आठवलीही नाही.

जशी उंबरठामाई मैनाबाईला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुणाची लेक दाराबाहेर न राहो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरांत बांधली, जेवढी बेतली तेवढी पुरली, सुफळ संपूर्ण. आता वाहा अक्षता.