न सापडलेली कमान

"बुवा, एवढंच सांगा. ही कमान कुठली?"

पायातले बूटसुद्धा न काढता त्यानं विचारलं. मठात आलेला माणूस आधी हात जोडतो, पाणी मागतो, निदान टेकतो तरी. ह्यानं आल्या आल्या बगलेतली गुंडाळी सोडली आणि बुवांच्या पुढ्यात भलामोठा फोटो अंथरला.

"बूट," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. बूट मात्र काढले.

मोतीगीर बुवा ह्या मठाचे गोसावी. मठ शहराच्या पडक्या तटाला लागून. बुवा इथंच जन्मले, तरुणपणी झोळी घेऊन शहराची गल्ली न् गल्ली फिरले, आता गुडघे दुखतात म्हणून बसून असतात. मी शेवंता. त्यांची चूल सांभाळते आणि आल्यागेल्याला तोंड देते. माझं तोंड जरा तिखट आहे असं बुवा म्हणतात. असेल.

आणि हा हेमंत वैजापुरे. त्याला कोण ओळखत नाही! बावन्न दरवाजांचं आमचं शहर. त्यातले कुणाला ठाऊक नसलेले कोपरे हा हुडकून काढतो, फोटो काढतो आणि मोबाइलवर टाकतो. मागं त्यानं आमच्या तटाआडची बारव दाखवली, तर पुढचे कित्येक महिने तिथं नुसती जत्रा. नटूनथटून नवरानवरी काय, पोरंपोरी काय... बारवेतल्या वेफरच्या पिशव्या मी काढल्या. तेव्हापासून माझा त्याच्यावर राग होता, खोटं कशाला बोलू?

"तुला ठाऊक नाही?" बुवांनी विचारलं.

"मला सगळं ठाऊक आहे," तो फटकन म्हणाला. "ह्या शहरातला दगड न् दगड मी पाहिलाय. लोक मला विचारायला येतात. ही एकच..."

बुवा फोटोवर वाकले. मीही मान लांब करून पाहिलं.

फोटो कसला, अंधारच. वर एक जाड, काळी, पुसट कमान. तिच्या आत, दूर, उजेडानं भरलेला एक उभा दरवाजा. खाली काहीतरी काळं, उंचसखल. एका बाजूला वरून खाली आलेली बारीक रेघ. माणूस कुणी नाही.

"ही बाहेरची कमान," तो बोट फिरवत सांगू लागला. "आत दुसरा दरवाजा, पश्चिमेकडं तोंड असलेला. म्हणजे ऊन संध्याकाळचं. खाली हा दगडांचा ढीग, पडझड झालेली असणार. ही रेघ म्हणजे साखळदंड, नाहीतर वडाची पारंबी. अशा जागा शहरात मोजक्याच. सगळ्या पालथ्या घातल्या. तटावर चढलो, थडग्यांमागं गेलो, नदीच्या पात्रात उतरून पाहिलं."

"सुरेख सांगितलंस."

"पण सापडली नाही."

"मग सोडून दे. दुसऱ्या जागा काय थोड्या आहेत?"

"नाही सोडता येत, बुवा."

"फोटो कुणी काढला?"

"माझ्या मुलीनं."

"मग तिलाच विचार की."

"ती गेली. उद्या वर्षश्राद्ध आहे."

माझे हात पिठात होते, ते तसेच राहिले. राग कुठल्या कुठं गेला. उठले, हात धुतले आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं नेऊन ठेवला. तो घटाघटा प्यायला. सकाळपासून पोटात काही नसावं.

मग आपणहून सांगू लागला.

मुलीचं नाव केतकी. लहानपणी ह्याच्या स्कूटरवर मागं बसून सगळं शहर फिरलेली. कॉलेजात जायच्या वयात हाडांचं दुखणं लागलं. पाय गेले, मग अंथरूणच धरलं.

"आमचा एक खेळ होता," तो म्हणाला. "मी कुठंतरी जायचो, फोटो काढायचो, तिला पाठवायचो. खाली लिहायचो, ओळख. ती पडल्या पडल्या ओळखायची. नुसती भिंतीची कड पाठवली तरी ओळखायची. चुकली नाही कधी. मोठी हुशार होती हो..."

"मग?"

"मग एके दिवशी तिनं हा पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बाबा, ही माझी सगळ्यात आवडती जागा. आता तुम्ही ओळखा.'"

"तू काय लिहिलंस?"

"बाहेर होतो. काम चालू होतं. ऊन जाईल म्हणून घाई होती." तो म्हणाला. "लिहिलं, उद्या सांगतो."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"पहाटे ती गेली."

बुवांनी डोळे मिटले. असल्या वेळी माझं तिखट तोंडही कामाचं नसतं.

"पडून असलेली पोर, ती कुठं जाणार?" तो म्हणाला. "आजारी पडायच्या आधी कधीतरी मैत्रिणींबरोबर गेली असेल. तेव्हाच काढून ठेवला असेल. मला माहीत नसलेली जागा माझ्या पोरीला सापडली, म्हणून आधी कौतुकच वाटलं. आता रात्रंदिवस तेवढंच डोक्यात आहे. उद्या तिथं जाऊन एक दिवा लावायचाय. म्हणायचंय, केतू, ओळखली बघ. तिला उत्तर द्यायचं राहिलंय, बुवा. एवढं झालं की पुन्हा कॅमेऱ्याला हात नाही लावला तरी चालेल मला."

बुवा फोटोकडंच बघत होते.

"बायकोला दाखवलास?"

"दाखवला."

"काय म्हणाली?"

"काही नाही. बघितला, तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेली. पुन्हा विचारलं तर म्हणाली, तुमचं तुम्ही शोधा. तेव्हापासून आमचं धड बोलणंही नाही."

"आत म्हणजे कुठं?"

"केतकीच्या खोलीत. ती तिथंच असते. संध्याकाळ झाली तरी दिवा लावत नाही."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू जातोस त्या खोलीत?"

तो फोटोचा कोपरा उगाच सपाट करत बसला.

"दारापर्यंत जातो," शेवटी म्हणाला. "पहिल्यापासून. आत गेलं की तिच्या पायांकडं लक्ष जायचं. काड्या झाल्या होत्या हो नुसत्या. मला नाही बघवायचं. म्हणून दारातूनच विचारायचो, केतू, आज कशी आहेस? आज काय सापडलं बघ. ती हसायची. मग मी निघायचो. पण तिच्यासाठीच फिरत होतो ना मी! अख्खं शहर आणून दिलं तिला!"

"कोण नाही म्हणतंय?" बुवा हळूच म्हणाले.

त्यांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. मग मान वळवून कोपऱ्याकडं पाहिलं. कोपऱ्यात लोखंडी पलंग आहे. गेल्या पावसाळ्यात बुवा तापानं आडवे झाले, तेव्हा एका भक्तानं दवाखान्याच्या मोडीतून आणून दिलेला. पायथ्याला जाड पाइप वाकवून बसवलाय. महिनाभर बुवा त्यावर होते. मी दूध आणायला खाली गेले की ते दाराकडं डोळे लावून पडलेले असायचे. आता त्या पलंगावर मी वाळवण घालते.

"शेवंते, पलंगावरच्या कुरडया काढ."

"अजून ओल्या आहेत त्या."

"काढ म्हणतो ना."

काढल्या. पुटपुटत काढल्या, पण काढल्या.

"आडवा हो," बुवा त्याला म्हणाले.

"काय?"

"त्या पलंगावर. पाय दाराकडं कर."

"बुवा, मी इथं झोपायला नाही आलो."

"ठाऊक आहे. आडवा हो."

त्याचा चेहरा लाल झाला. "लोक म्हणाले, म्हाताऱ्याला सगळं शहर पाठ आहे, म्हणून आलो. माहीत नसेल तर नाही म्हणा. ही थट्टा कशाला?" तो फोटोची गुंडाळी करू लागला. बूट घालायला निघालाच होता.

मला राहवेना. म्हटलं, "अहो, एवढे दरवाजे धुंडाळलेत, भिंतींवर चढलात, आणि हा एक पलंग जड झाला होय?"

तो थांबला. माझ्याकडं पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, आला आणि पलंगावर पडला. गुंडाळी छातीशी धरलेली, अंग सगळं ताठ. मी त्याच्या पायांवर बुवांची घोंगडी टाकली. का टाकली, माझं मलाच सांगता येणार नाही.

बुवा भिंतीला धरून उठले. गुडघे करकरले. हळूहळू चालत दारापर्यंत गेले आणि दारात जाऊन उभे राहिले.

मठाचं दार पश्चिमेला आहे. उन्हं उतरली होती. सगळा उजेड बुवांच्या पाठीशी.

"काय दिसतं?"

"तुम्ही."

"चेहरा दिसतो?"

"नाही. मागं ऊन आहे. पण तुम्हीच आहात ते कळतंय."

"बरं."

बुवा दारातून बाजूला झाले. बाहेर, ओट्यावर, दिसणार नाहीत असे.

"आता?"

मी त्याच्याकडं बघत होते. त्याची नजर आधी पायथ्याच्या वाकवलेल्या पाइपावर गेली. मग पाइपाखालून पलीकडं, दारावर. रिकाम्या दारावर. मग घोंगडीखालच्या स्वतःच्या पायांवर आली आणि तिथंच राहिली.

त्यानं गुंडाळी उघडली. फोटो डोळ्यांसमोर धरला.

"हे दगड नाहीत," तो म्हणाला. "हे पांघरूण आहे. तिचे पाय आहेत हे. वरची कमान म्हणजे तिच्या पलंगाचा पाइप. आणि ही... ही सलाइनची नळी."

फोटो त्याच्या छातीवर पडला.

"इथं मी उभा राहायचो," तो म्हणाला. "इथं मीच उभा राहायचो, बुवा!"

मग तो रडला. मोठ्या माणसाला असं रडताना मी फार पाहिलेलं नाही. लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून. मी चुलीकडं वळले, पण चूल काही दिसेना.

बुवा आत आले. पलंगाच्या कडेला टेकले आणि त्यांनी घोंगडीखाली हात घालून त्याचे दोन्ही पाय धरले.

तो दचकला. बुवांनी आपल्या पायांना हात लावायचा म्हणजे काय! पाय ओढून घेऊ लागला. बुवांनी सोडले नाहीत. तसेच धरून बसले, दारातलं ऊन जाईपर्यंत.

अंधारून आलं तेव्हा तो उठला. तोंड पुसलं. फोटो नीट गुंडाळला, आता फार जपून. बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. मी भाकरी खाऊन जा म्हटलं, तर मानेनंच नको म्हणाला.

बूट हातात घेऊन निघाला आणि मठाच्या दारात थांबला. खाली उंबऱ्याकडं पाहत राहिला.

"ती जागा घरातच होती," तो म्हणाला. "रोज जात होतो तिथं, आणि सगळं गाव हिंडत बसलो... बुवा, तिला आता उत्तर कसं देऊ?"

बुवांनी विचारलं, "खोलीतला पलंग काढलात?"

"नाही. बायको काढू देत नाही."

"ह्या वेळी कुठं असेल ती?"

"त्यावरच बसलेली असेल," तो म्हणाला. "अंधारात. दाराकडं तोंड करून."

बुवांनी डोळे पुसले.

"मग जा. आणि आज दारात उभा राहू नकोस."