बद्द आवाज

एकदा एका व्यापाऱ्याला पुण्य जोडण्याची घाई झाली. नदीवर घाट बांधायचे त्याने ठरवले आणि पायऱ्यांचा दगड निवडताना साधुपुरुष जवळ असावा म्हणून एका वृद्ध गुरुजींना आपल्याच दगडाच्या खाणीवर नेले. सोबत त्यांचा शिष्य होता.

खाणीत शिद्राम नावाचा पाथरवट एकेका दगडावर हातोडी मारून कान देत होता. आवाज खणखणीत आला की दगड गाडीत चढे. बद्द आला की आत चीर आहे असे समजून खाली दरीत लोटला जाई. मधूनमधून शिद्राम खोकत होता. अर्धे आयुष्य दगडाची धूळ गिळलेल्या माणसाचा तो खोकला. व्यापाऱ्याचे लक्ष मात्र दगडांकडे.

एकाएकी गुरुजी उठले. त्यांनी शिद्रामच्या छातीवर बोटांनी ठोकले, कान लावला आणि म्हणाले, "शेटजी, इथलाही आवाज ऐका. बद्द येतो आहे."

व्यापारी गंभीर झाला. त्यानेही कान लावला, मग हात जोडले. "महाराज, मोठी गोष्ट शिकवलीत!" शिष्याला गुरूचा अभिमान वाटला.

काही दिवसांनी दोघे त्याच वाटेने परतले. खाणीत सगळे चेहरे नवे होते. शिद्राम झोपडीबाहेर बसून होता. त्याची बायको पुढे आली.

"म्हाराज, तुमी गेलासा आन् दुसऱ्याच दिशी शेटनं समद्यांच्या छातीवर ठोकून बगितलं. ज्याचा आवाज बद्द आला, त्याला कामावरनं काढलं. खोकत का हुईना, चूल पेटत हुती आमची. आता खोकला तेवढा ऱ्हायला."

शिष्य संतापला. "किती नीच माणूस! आपण तर त्याला दया शिकवली होती."

"दया नव्हे रे, पारख शिकवली," गुरुजी म्हणाले. "चिरलेल्या दगडाचे काय करायचे, हे त्याला आधीच ठाऊक होते. मी दगडाच्या जागी माणूस दाखवला, इतकेच. दृष्टांत सुचला आणि मी स्वतःवरच खूश झालो. ज्याच्या छातीवर ठोकले, त्याला मात्र एक शब्द विचारला नाही."

ते शिद्रामजवळ जाऊन बसले. "बाबा, तुझ्यासाठी काय करू, सांग."

शिद्रामला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "आता इचारताय व्हय, म्हाराज?"

पुढे घाट पुरा झाला. त्याची एकही पायरी अजून चिरलेली नाही.